सात दशांश माणूस

गोव्यातील कारखानदार, हॉटेलमालक आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्रे वाटली जातात. वेर्णे, कुंडई, मडकई, थिवी या औद्योगिक वसाहतींत. कुणाला ईमेलवर, कुणाला बंद लिफाफ्यात. पत्रात दोन आकडे असतात, एक पगारवाढीचा आणि एक रेटिंगचा. पहिल्याचे कारण दुसरा, असे पत्र सांगते. दुसऱ्याचे कारण कोणीच सांगत नाही.

मी फोंडा तालुक्यात राहतो. नोकरीची बहुतेक वर्षे कार्मिक खात्यात गेली. एचआर हे नाव त्याला नंतर मिळाले. आता लहानमोठ्या कंपन्यांच्या अप्रेझल, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या, फॉर्मवर सल्ला देतो. त्या अनुभवावरून आपणां सर्वांकडे एकच मागणी करायची आहे. कर्मचाऱ्याविषयी जे लिहाल ते त्याचे काम डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहावे, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचून उत्तर देता यावे. ही मागणी साधी वाटेल. पण ती मान्य केली तर आज तुमच्या फाइलींत असलेल्या बहुतेक पद्धती टिकत नाहीत.

सुरुवात बेल कर्व्हपासून करू, कारण सर्वांत जास्त चीड त्याचीच आहे. मुंबईच्या, पुण्याच्या, कधी परदेशातल्या मुख्यालयातून टक्केवारी येते: इतके टक्के उत्कृष्ट, इतके मधले, इतके तळाचे. ही कल्पना गाजली ती जनरल इलेक्ट्रिकमुळे. जॅक वेल्च 1981 मध्ये तिथे प्रमुख झाले आणि वरचे 20, मधले 70, खालचे 10 ही त्यांची विभागणी जगभर अनुकरणाचा विषय झाली. लाखो माणसांच्या कंपनीत ती योग्य होती का यावर वाद घालता येईल. सात जणांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबला ती लावली की वाद घालायलाही काही उरत नाही. सातचे वीस टक्के म्हणजे एक पूर्णांक चार दशांश माणूस उत्कृष्ट, आणि दहा टक्के म्हणजे सात दशांश माणूस निकामी. हा सात दशांश माणूस शोधायला मॅनेजर बसतो. तो सापडतोही: नुकताच रुजू झालेला, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, किंवा नाहीतरी सोडून जाणार अशी ज्याच्याविषयी कुजबुज आहे तो. मग त्याला केबिनमध्ये बोलावून सांगायचे, "तुझं काम बरं आहे रे, पण कर्व्हमध्ये बसलं नाही."

शिवाय ती सात माणसे रस्त्यावरून उचलून आणलेली नसतात. पदवी पाहून, मुलाखत घेऊन, प्रोबेशनमध्ये पारखून तुम्हीच निवडलेली असतात. निवडून घेतलेल्या मूठभर माणसांत ठराविक टक्के वाईट असलेच पाहिजेत हे कुठल्याच संख्याशास्त्रात बसत नाही. आणि ते खरोखर तसे असतील, तर आधी निवड करणाऱ्याचे रेटिंग काढायला हवे. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केली. पुढे जनरल इलेक्ट्रिकनेही वार्षिक रेटिंगचा आपला जुना साचा मोडला. आपल्या वसाहतींत मात्र तीच पद्धत अजून 'आधुनिक' म्हणून नव्याने आणली जाते, वर तिच्यासाठी सल्लागाराची फी भरली जाते.

खरी गंमत वेगळीच आहे. वेल्च यांच्या कितीतरी आधी त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये हर्बर्ट मेयर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी अप्रेझलच्या बैठकांचा अभ्यास केला होता. तो 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: साहेब जितके दोष काढतो तितका माणूस बचावात जातो, आणि दोष काढलेल्या बाबतीत पुढे फारशी सुधारणा होत नाही. सुधारणा होते ती दोघांनी मिळून नेमके उद्दिष्ट ठरवले तिथे. म्हणून त्यांनी सुचवले की पगाराची बैठक आणि कामाची बैठक वेगवेगळी घ्या, कारण न्यायाधीश आणि मास्तर या दोन भूमिका एका टेबलावर, एकाच अर्ध्या तासात वठत नाहीत. आपल्या देशात उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या आयआयएममधल्या दोन प्राध्यापकांना लार्सन अँड टुब्रोने 1974 मध्ये अप्रेझल पद्धत तपासायला बोलावले होते. त्यांनीही मूल्यमापन, सल्लामसलत, प्रशिक्षण, बढती ही अंगे वेगळी ओळखून मग जोडायला सांगितली, आणि त्यातूनच त्या कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तेव्हा 'परदेशी थेरं आपल्याकडे चालत नाहीत' हे कारण इथे देता येणार नाही. देशी उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच आलेले आहे, आपण ते वाचले नाही.

अभिप्राय दिला की माणूस सुधारतोच, हीसुद्धा एक अंधश्रद्धा आहे. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र करून सहाशेहून अधिक निष्कर्ष पडताळले. सरासरीने सुधारणा दिसली, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा घसरले. बोलणे कामावरून माणसाच्या लायकीवर घसरले की असे होते, असा त्यांचा रोख होता. आपल्या केबिनींत काय बोलले जाते ते आठवून पाहा. "तुझ्यात ॲटिट्यूड प्रॉब्लेम आहे" हे वाक्य मी इतक्या फॉर्मांवर वाचले आहे की त्याचा शिक्का करून घेतला असता तर शाई वाचली असती.

आता मोजायचे काय, यावर. इथे मला थोडे रेंगाळू द्या, कारण नुकसान इथे होते.

औषध कारखान्यात ठरल्या रीतीपासून जरा ढळले की डेव्हिएशन नोंदवायचे असते. तापमान मर्यादेबाहेर गेले, वजन करताना चूक झाली, लेबल चुकीच्या रोलचे लागले. लिहायचे, कारण शोधायचे, उपाय करायचा. चांगल्या उत्पादन पद्धतीचा हा पाया आहे, आणि बाहेरचे तपासनीस आले की आधी हीच कागदपत्रे मागतात. अशा ठिकाणी कुणीतरी हुशारी करून सुपरवायझरच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या ठरवून दिलेल्या उद्दिष्टांत, लिहितो: 'डेव्हिएशन शून्यावर आणणे, भार 20 टक्के.' वर्षअखेर डेव्हिएशन खरोखर कमी होतात. चुका तितक्याच राहतात, फक्त नोंद थांबते. ज्या माणसाने रात्रपाळीत प्रामाणिकपणे डेव्हिएशन टाकले त्याला पाचपैकी दोन, ज्याने वही कोरी ठेवली त्याला चार. कंपनीला याची किंमत कळते ती तपासनीस येऊन गेल्यावर, आणि तेव्हा दोष मात्र ऑपरेटरच्या माथी जातो. अपघातांचेही तसेच. शून्य अपघाताचे बक्षीस लावले की बोट कापलेला माणूस बँडेज बांधून हात खिशात घालतो. अशा खात्यांत मोजायचे असेल तर किती लवकर नोंदवले, कारण किती खोल शोधले, तीच चूक पुन्हा झाली का, हे मोजा.

हॉटेलांत दुसरा प्रकार. ऑनलाइन रिव्ह्यूचे तारे फ्रंट ऑफिसच्या मुलांच्या रेटिंगला जोडलेले असतात. पाहुणा चिडतो ते खोलीतल्या एसीवर, गळणाऱ्या नळावर, पार्किंगवर. तारे कापले जातात ते हसतमुखाने चावी देणाऱ्या मुलीचे. शिवाय आपले हॉटेलचे वर्ष एप्रिल-मार्चच्या चौकटीत बसत नाही. ऑक्टोबर ते मार्च सीझन, जून ते सप्टेंबर पाऊस. मार्चअखेरीस फॉर्म भरणाऱ्या मॅनेजरला डिसेंबरची गर्दी आठवते. जुलैत ओल्या भिंती खरवडून, गाद्या उन्हाच्या एखाद्या तिरिपेत टाकून, स्वयंपाकघराचे पाइप उघडून ज्यांनी इमारत उभी ठेवली त्यांचे काम त्याच्या आठवणीतून केव्हाच वाहून गेलेले असते. हाउसकीपिंग आणि मेंटेनन्सची माणसे दरवर्षी 'मधल्या' गटात का सापडतात, याचे हे एक सरळ कारण आहे. उपायही सरळ आहे: पावसाळा संपताना एकदा आणि सीझन संपताना एकदा, अशा दोन नोंदी.

आणि माणसाच्या हातात किती असते? गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे वार्षिक गुणांकनाला व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत धरत, कारण कामातला बहुतेक चढउतार यंत्रणेतून येतो, माणसातून नव्हे. हे गोव्याला कुणी वेगळे शिकवायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खनिज काढणे थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे पट्ट्यात ज्यांच्या सेवापुस्तकांत वर्षानुवर्षे 'उत्कृष्ट' होते तेही घरी बसले. इतके मोठे उदाहरण नको असेल तर पावसाळ्यातली वीज घ्या. ट्रिप झालेल्या लाइनमुळे बॅच गेली, तर तेवढी सूट शिफ्ट इनचार्जला टार्गेटमध्ये मिळते की नाही? बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण फॉर्मवर तो रकानाच नाही.

मग लिहायचे कुणी आणि कसे? मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या रीतीपेक्षा चांगली रीत मला अजून सापडलेली नाही: विशेषणे सोडा, घडलेला प्रसंग लिहा. कोणत्या दिवशी, कोणत्या कामात, काय केले, त्याचा परिणाम काय झाला. आपल्या कारखान्यांत शिफ्टची लॉगबुके आहेतच. त्यांच्याच शेजारी सुपरवायझरने प्रत्येक माणसामागे महिन्याला दोन ओळी लिहिल्या तर मार्चमध्ये आठवणीवर विसंबावे लागणार नाही. त्या ओळी चांगल्या प्रसंगांच्याही हव्यात. फक्त चुका टिपणारी वही मेमोची पूर्वतयारी वाटते, आणि बऱ्याचदा ती तशीच असते.

भाषेचे काय? फॉर्म इंग्रजीत असतो. 'डेमॉन्स्ट्रेट्स ओनरशिप' या ओळीपुढे पाचपैकी किती, हे पॅकिंग लाइनवरच्या माणसाने कसे ठरवायचे, आणि साहेबाने तरी कसे? पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी 1963 मध्ये रुग्णालयातल्या परिचारिकांच्या मूल्यमापनासाठी मोजपट्ट्या तयार केल्या तेव्हा वरिष्ठ परिचारिकांनाच विचारले की चांगले काम म्हणजे नेमके काय, वाईट म्हणजे काय, आणि पट्टीवरच्या पायऱ्या त्यांच्याच बोलीत लिहिल्या. आपल्याला हे सहज जमेल. चार जुनेजाणते ऑपरेटर, दोन सुपरवायझर, एक एचआरचा माणूस, एक दुपार. कोकणीत, मराठीत, हिंदीत जे निघेल ते लिहून घ्या. "मशीनचा आवाज बदलला की लाइन थांबण्याआधी मेंटेनन्सला बोलावतो" ही पायरी कुणालाही समजते, तिच्यावर भांडण होत नाही, आणि झालेच तर ते कामाविषयीचे भांडण असते.

आता माझ्या मागणीचा दुसरा भाग, जो ऐकून बहुतेक मालक खुर्चीत सरळ बसतात: लिहिलेले दाखवायचे.

सरकारी खात्यांना आपण सुस्त म्हणून हसतो, पण या बाबतीत ती आपल्या पुढे आहेत. सीमा रस्ते संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याची बढती अडली, कारण निकष 'फार चांगला' शेऱ्याचा होता आणि 1993-94 च्या गोपनीय अहवालात त्याला नुसता 'चांगला' मिळाला होता. त्याला ते कधी कळवलेच नव्हते. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नाही, तो कशाला कळवायचा, असा बचाव होता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 12 मे 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. शेरा कोणताही असो, वाईट, बरा, चांगला की फार चांगला, तो संबंधिताला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणे मांडता येईल. केंद्र सरकारने पुढच्या वर्षी आदेश काढून 2008-09 पासून संपूर्ण अहवाल दाखवणे आणि उत्तरासाठी पंधरा दिवस देणे सुरू केले. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच पुन्हा पक्के केले. खासगी कंपनीला हा निकाल थेट लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण 'तुझा शेरा चांगला होता, मग तक्रार कसली' हे उत्तर केबिनीत देताना तो अभियंता आठवावा.

"दाखवले तर वाद होतील," असे मला एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी ऐकवले होते. वाद आजही होतात. कँटीनमध्ये होतात, कंपनीच्या बसमध्ये होतात, फक्त तुमच्या कानांवर येत नाहीत. कागदावर आलेला वाद निस्तरता येतो. फॉर्मच्या शेवटी कर्मचाऱ्याच्या उत्तरासाठी अर्धे पान ठेवा आणि ते उत्तर एक पायरी वरच्या साहेबाने वाचून तारखेसह सही करावी असा नियम करा. बहुतेक माणसे त्या अर्ध्या पानावर काहीच लिहिणार नाहीत. पण ते पान समोर आहे एवढ्यानेच वरचे लिहिणारा हात जपून चालतो.

मालकांचा रास्त प्रश्न उरतो तो पैशांचा. कर्व्ह काढून टाकला तर सगळे सुपरवायझर सगळ्यांना चार देतील, मग वाढ वाटायची कशी? भीती खोटी नाही. मवाळ साहेब सगळीकडे असतात. त्यावर उपाय म्हणजे एका खात्याच्या सगळ्या साहेबांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसणे. "हा उत्कृष्ट का?" या प्रश्नाला प्रसंग सांगता आले नाहीत की आकडा आपोआप खाली येतो, आणि टक्केवारी कुणालाच ठरवून द्यावी लागत नाही. वाढीचा मुख्य भाग सर्वांना सारखा आणि आधी जाहीर केलेला ठेवा. खरोखर वेगळे काम करणाऱ्याला वर काही द्या, किती माणसांना ते आकड्यात बांधू नका. ज्याचे काम खरेच कमी पडते त्याला ते मार्चमध्ये प्रथमच कळता कामा नये. आणि पगाराचे बोलणे कामाच्या बोलण्यापासून निदान दोन महिने दूर ठेवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. माणसे कमी करायची असतील तर तसे सांगा, कायद्याने जे देणे लागते ते द्या. 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन', म्हणजे काम सुधारण्याची लेखी योजना, हा राजीनामा काढून घेण्याचा मुलायम मार्ग म्हणून वापरला गेला, की त्यानंतर त्या कंपनीत कुठलाही सुधारणेचा कागद कुणी विश्वासाने हातात धरत नाही. तसेच, ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही अशा मुलाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणायचे, म्हणजे तो युनियनच्या करारात येत नाही आणि त्याची वाढ पूर्णपणे रेटिंगवर ठेवता येते, हा खेळ सत्तरी-पेडण्यातून येणाऱ्या पदवीधर मुलांना पहिल्याच वर्षी कळतो. ती मुले मोपाच्या विमानतळावर किंवा पुण्याला निघून जातात, आणि मग तुम्ही म्हणता, गोंयकार टिकत नाहीत.

बाळंतपणाच्या रजेचा उल्लेख वर आलाच आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे, म्हणजे बरोबर अर्धे वर्ष. बारा महिन्यांचे टार्गेट तसेच ठेवून तिला 'अपेक्षेपेक्षा कमी' लिहिणे हा हिशेबाचाही गुन्हा आहे आणि न्यायाचाही. हजर असलेल्या महिन्यांचेच मूल्यमापन करा, टार्गेट त्या प्रमाणात घ्या. कंत्राटी कामगारांविषयीही थोडेच लिहितो. त्यांच्या जोरावर लाइनचे आकडे पुरे होतात, पण त्यांच्या कामाची नोंद कुणाच्याही वहीत नसते. निदान कायम भरती निघते तेव्हा पाहता यावे म्हणून तरी ती ठेवा.

हे राबवायचे तर सगळ्या कंपनीत एकदम नको. एक खाते निवडा, जिथला साहेब बऱ्यापैकी ऐकून घेणारा आहे. पहिल्या वर्षी या नोंदींना पैसा जोडू नका. एका सुपरवायझरकडे तीस माणसे असतील तर वह्या, बैठका सगळे ढोंग होईल. आठ-दहांच्या वर जाऊ नका, मध्ये चार्जहँड, म्हणजे लहान गटाचा प्रमुख कामगार, आणा. तीन महिन्यांतून एकदा वीस मिनिटांचे बोलणे पुरते, पण ते शिफ्टच्या वेळेत व्हायला हवे. पाळी सुटताना बोलावलेल्या माणसाचे लक्ष घड्याळाकडे असते, कारण साखळीची किंवा काणकोणची कंपनीची बस त्याच्यासाठी थांबत नाही. आणि हे बोलणे कसे करायचे ते सुपरवायझरला शिकवा. उत्तम फिटर होता म्हणून तो सुपरवायझर झाला, माणसाशी अवघड गोष्ट बोलण्याचे शिक्षण त्याला कुणी कधी दिलेले नाही.

सॉफ्टवेअरची ऑर्डर अजून दिली नसेल तर वर्षभर थांबा. कागदावर, साध्या वहीत, एक पावसाळा आणि एक सीझन ही पद्धत चालवून बघा. कोणते रकाने कोरे राहिले, कोणत्या उत्तरांवर वरच्या साहेबाची सही झाली नाही, कुठल्या खात्यात बैठकाच झाल्या नाहीत, हे त्या वह्यांत दिसेल. विक्रेत्याला बोलवाल तेव्हा त्याच वह्या त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, हे तुझ्या पडद्यावर कसे दिसणार ते दाखव. त्याने टक्केवारीचा रंगीत आलेख उघडला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
फोंडा, गोवा